शिंपल्यावरील कड्या

वस्तूचे नाव कळले की वस्तू कळली, असा एक समज आम्हां शिकलेल्या लोकांत फार दृढमूल झालेला आहे. वाटेत अनोळखी झाड दिसले तर आपण थांबतो, कोणास तरी नाव विचारतो, आणि नाव मिळताच त्या झाडाकडे पुन्हा न पाहता पुढे चालू लागतो. ज्याचे पोट नावे सांगण्यावरच चालते अशा प्राणिशास्त्राच्या शिक्षकास तर हा रोग विशेष जडतो. या रोगाची आम्हांस झालेली एक बाधा, आणि तीवर तब्बल अठ्ठावीस वर्षांनी मिळालेला उतारा, यांची हकीकत वाचकांस सांगावी म्हणून हा लेखनप्रपंच. हकीकत लहान आहे, आणि तिचा विषय तर मसुरीच्या दाण्याहूनही लहान आहे. परंतु लहान वस्तूंवरून माणसाची परीक्षा होते असे वडील माणसे म्हणत. आमची झाली, आणि तीत आम्ही नापास झालो, एवढे प्रारंभीच कबूल करून टाकतो.

पुलगाव हे वर्धा नदीच्या अंगाचे, रेल्वेबरोबर वाढलेले गाव. नदीवरील पुलामुळेच त्यास हे नाव पडले असे सांगतात. परगावच्या लोकांस ते लष्कराच्या दारूगोळ्याच्या कोठारामुळे ठाऊक असते. जुन्या माणसांस कापडाच्या गिरणीच्या भोंग्यामुळे आणि आर्वीस जाणाऱ्या लहान रुळांच्या गाडीमुळे आठवते. भोंगा मुका झाला आणि ती गाडीही थांबली. काळी जमीन, तिच्याखालचा काळा पाषाण आणि पावसाळ्यातला चिखल मात्र पूर्वीप्रमाणेच कायम आहेत. आषाढ संपता संपता या जमिनीतील प्रत्येक खळगा भरतो. गुरांच्या खुरांचे ठसे, वीटभट्टीसाठी माती काढलेले खड्डे, रस्त्याच्या कडेच्या चऱ्या, या सर्वांत पाणी साठते. आणि चार-आठ दिवसांत त्या पाण्यात अशी काही वस्ती होते की भिंग लावून पाहणारास दिवस पुरत नाही.

या वस्तीत एक लोक शिंपल्यांत राहणारांचा आहे. आकाराने मोहरीएवढे, कधी तिच्याहूनही लहान. दोन झडपांचा शिंपला, त्याच्या फटीतून बाहेर आलेल्या केसाळ मिशा, आणि त्या मिशांच्या जोरावर पाण्यात चाललेली अखंड लगबग. पाहणारास वाटावे की ही शिंपलीची पिल्लेच आहेत. वस्तुतः शिंपलीशी त्यांचे काही नाते नाही. ते झिंग्यांच्या आणि खेकड्यांच्या कुळातले, म्हणजे कवचधारी प्राणी. आणि शास्त्रात त्यांस ऑस्ट्रॅकोडा म्हणतात. गावात त्यांस नाव असल्याचे आम्ही ऐकलेले नाही. जे खाता येत नाही, चावत नाही आणि विकले जात नाही, त्यास नाव देण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

या प्राण्यांची जात ओळखणे हे मोठे चिकाटीचे काम आहे. प्राणी जिवंत असेल तर त्याचे पाय, मिशा, शेपटाची नखे आणि नराची इंद्रिये सुईच्या टोकाने वेगळी करून पाहता येतात, आणि खरा निवाडा त्यांवरच होतो. परंतु प्राणी मेला, कुजला आणि केवळ शिंपला उरला, म्हणजे सर्व भिस्त त्या चुन्याच्या दोन झडपांवर येते. मग शिंपला बाजूने कसा दिसतो, घेवड्याच्या दाण्यासारखा की वाटाण्यासारखा. पाठ फुगीर की सपाट. कडेवर दाते आहेत की कड गुळगुळीत. पृष्ठभागावर खळगे आहेत की नक्षी. आणि मध्यभागी, जेथे शिंपला मिटणारे स्नायू आतून चिकटलेले असतात, तेथे त्यांच्या खुणांची मांडणी कशी आहे, हे सर्व पाहावे लागते. डावी झडप उजवीस झाकते की उजवी डावीस, एवढ्या एका गोष्टीवरून हेमिसायप्रिस आणि हेटेरोसायप्रिस ही दोन घराणी वेगळी होतात. शिवाय हा प्राणी प्रौढ होईपर्यंत आठ वेळा कात टाकतो, आणि प्रत्येक वेळी सबंध शिंपला टाकून देऊन नवा, मोठा शिंपला घालतो. त्यामुळे एकाच जीवाचे लहानमोठे शिंपले गाळात पडून राहतात, आणि अननुभवी माणूस त्यांच्या तीन-चार निरनिराळ्या जाती करून मोकळा होतो. हे शेवटचे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे. शिंपला दर वेळी नवा असल्यामुळे त्यावर वाढीच्या कड्या उमटत नाहीत. पुढील सर्व कथेची खुंटी या एका गोष्टीवर आहे.

१९९७ सालचा श्रावण होता. आम्हांस शिकवू लागून चार वर्षे झाली होती. म्हणजे अज्ञान फारसे कमी झालेले नव्हते, आणि आत्मविश्वास मात्र पुरेपूर वाढलेला होता. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षास नाचणगावकडून येणारा एक विद्यार्थी होता. त्याचे नाव येथे देत नाही. तो सुखाने आपल्या घरी नांदत आहे आणि त्यास छापील प्रसिद्धीची हौस नाही. घरची सहा-सात एकर कोरडवाहू शेती, सकाळी गुरांचे करून सायकलीवर कॉलेजात यावयाचे, असा त्याचा क्रम असे. वर्गात तो फारसा बोलत नसे. परंतु हाताने चित्रे काढी ती अशी नेमकी की आम्ही ती इतर मुलांस दाखवीत असू.

एके दिवशी त्याने औषधाच्या बाटलीत वीटभट्टीच्या जुन्या खड्ड्यातले पाणी आणले. त्या खड्ड्यात बारमाही पाणी राही आणि शेवाळ माजलेले असे. बाटलीत दहा-बारा वाटोळे, पारदर्शक, ताठ कडेचे जीव फिरत होते. आम्ही बाटली उजेडाकडे धरली, क्षणभर पाहिले, आणि पुस्तकात जे नाव नेहमी भेटते ते उच्चारले : "सायप्रिस सबग्लोबोसा. ऑस्ट्रॅकोडा. लिहून घे."

त्याने लिहून घेतले. पण प्रयोगवहीत चित्र काढताना शिंपल्यावर एकात एक अशा सहा कड्या काढल्या, आणि शेजारी बारीक अक्षरांत लिहिले, "शिंपल्यावर सहा कड्या. पाय पुष्कळ, मोजता येत नाहीत." वही तपासताना आम्ही त्यास बोलावले.

"या कड्या कोठून आणल्यास?"

"सर, दिसतात भिंगातून."

"ऑस्ट्रॅकोडाच्या शिंपल्यावर कड्या नसतात. भिंगाची काच घासलेली असेल."

"सर, बाराही जणांवर दिसल्या."

पुढचे आमचे वाक्य आम्हांस आजही शब्दशः आठवते, आणि आठवले की कानाच्या पाळ्या तापतात. आम्ही म्हणालो, "पुस्तक लिहिणारे आंधळे होते, आणि डोळे काय ते तुला एकट्याला आहेत?" वर्गातील मुले हसली. त्या हसण्याने आमचा मुद्दा सिद्ध झाला असे आम्हांस वाटले. तांबड्या शाईने आम्ही त्या सहा कड्यांवर फुली मारली, "पाय पुष्कळ" या शब्दांखाली रेघ ओढून प्रश्नचिन्ह घातले, आणि दहापैकी चार गुण दिले. त्याने बाटलीतले जीव फॉर्मॅलिनच्या नळीत घातले, चिठ्ठी चिकटविली, आणि नळी कपाटात ठेवून दिली. वही मात्र त्याने परत मागितली नाही.

येथे आम्ही काय चुकलो ते वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. ऑस्ट्रॅकोडाच्या शिंपल्यावर कड्या नसतात हे आमचे म्हणणे खरेच होते. त्यावरून दोन अनुमाने निघत होती : एक, कड्या खोट्या आहेत, दुसरे, प्राणी ऑस्ट्रॅकोडा नव्हे. दुसरे अनुमान आमच्या मनास शिवलेच नाही, कारण नाव आम्ही उच्चारून बसलो होतो. नाव एकदा तोंडातून गेले म्हणजे ते आपल्या अब्रूचा भाग होते. मग समोरची वस्तू त्या नावात बसली नाही, तर आपण नाव बदलीत नाही, वस्तूलाच खोटे ठरवितो. न्यायाधीशाने निकाल आधी लिहावा आणि साक्षीदारास मागाहून दटवावे, त्यातलाच हा प्रकार.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ साली, प्रयोगशाळा दुसऱ्या इमारतीत हलवावयाची ठरली, आणि जुनी कपाटे रिकामी करण्याचे काम आमच्याकडे आले. खालच्या खणात नळ्यांची एक पेटी निघाली. पुष्कळ नळ्या सुकून गेल्या होत्या. ज्यांत द्रव शिल्लक होता त्यांतील ऑस्ट्रॅकोडांची दशा पाहवत नव्हती. फॉर्मॅलिन जुने झाले म्हणजे आंबट होते, आणि आम्लात चुना टिकत नाही. म्हणून त्यांचे शिंपले विरघळून जाऊन आत नुसते लिबलिबीत कण राहिले होते. एकाच नळीतील जीवांचे शिंपले जसेच्या तसे होते. आम्ही ती नळी उचलली. चिठ्ठीवरील अक्षर ओळखीचे निघाले, आणि त्या अक्षरांत आम्ही सांगितलेले नाव.

त्या क्षणी आम्हांस काय वाटले ते सांगणे कठीण आहे. शिंपला चुन्याचा असता तर तो इतरांप्रमाणे विरघळला असता. तो राहिला, अर्थात तो चुन्याचा नव्हता. झुरळाचे पंख किंवा नाकतोड्याची पाठ ज्या द्रव्याची असते त्या द्रव्याचा तो होता. आम्ही एक जीव काचपट्टीवर घेतला. आता कॉलेजात चांगले सूक्ष्मदर्शक आहेत. वाटोळा शिंपला, त्यावर एकात एक कड्या, आत काळा डोळा, आणि पानांसारख्या पायांच्या पंधरा-सोळा जोड्या. ऑस्ट्रॅकोडाच्या धडास पायांच्या जोड्या जेमतेम तीन! "पाय पुष्कळ, मोजता येत नाहीत," असे जे त्या मुलाने लिहिले होते, त्याहून अचूक वर्णन एकोणीस-वीस वर्षांच्या पोराने साध्या भिंगातून दुसरे काय करावयाचे होते?

कड्यांचे कारणही साधेच आहे. या दुसऱ्या कुळातील प्राणी कात टाकताना अंगाची त्वचा टाकतो, परंतु वरचा शिंपला टाकीत नाही. जुना शिंपला तसाच ठेवून त्याच्या खालून थोडा मोठा नवा शिंपला जोडतो. त्यामुळे दर कातेगणिक एक कडी वाढते. झाडाच्या बुंध्यातील वलयांप्रमाणे ही कड्यांची वही त्याच्या पाठीवरच लिहिलेली असते. ती वाचणारास सहा मिळाल्या होत्या, आणि आम्ही तीवर फुली मारली होती.

त्या प्राण्याचे खरे नाव शोधीत गेलो तेव्हा लाजेची दुसरी पायरी लागली. नाव निघाले, सायक्लेस्थेरिया हिस्लोपी. हिस्लोपी! आमचे उच्च शिक्षण नागपुरास झाले. १८८३ साली निघालेल्या हिस्लॉप कॉलेजच्या फाटकावरून आम्ही वर्षानुवर्षे सायकल हाणली. पण ते नाव कोणा मनुष्याचे असेल, आणि तो मनुष्य पाण्यातले किडे पाहत असेल, हा विचार एकदाही मनात आला नाही. सायप्रिसचे लॅटिन नाव आम्हांस पाठ होते. आपल्याच प्रांतावरून शास्त्रात गेलेल्या जीवाचे नाव ठाऊक नव्हते. इंग्रजी विद्येने आम्हांस दिले पुष्कळ, त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत; परंतु दाराबाहेरचा खड्डा सोडून पुस्तकातले तळे पाहण्याची सवयही तिच्याच शाळेत आम्हांस लागली.

रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडमधील डन्स गावचे, जन्म १८१७ चा. धर्मोपदेशक म्हणून ते १८४५ च्या सुमारास नागपुरास आले. त्यांचा धर्म आमचा नव्हे, आणि धर्मप्रसाराच्या त्यांच्या कार्याविषयी वाचकांची मते निरनिराळी असतील. परंतु डोळे उघडे ठेवून फिरण्याचा जो धर्म त्यांनी पाळला, तो कोणाही शास्त्राभ्यासकाने शिरोधार्य मानावा असा होता. आपले सहकारी रॉबर्ट हंटर यांजबरोबर त्यांनी नागपुराभोवतालचे डोंगर आणि ओढे धुंडाळले. शहराजवळच्या टाकळी येथे काळ्या पाषाणाच्या दोन थरांच्या मध्ये गाळाचा एक थर त्यांस सापडला. ज्वालामुखीचे रस एकावर एक वाहून हा दख्खनचा पाषाण झाला. पण दोन पुरांच्या मध्ये काळ जात असे, त्या काळात तळी साचत, झाडे उगवत, गोगलगाई फिरत. नंतर पुन्हा रस येऊन सर्व काही गाडून टाकी. टाकळीचा थर हा अशाच एका गाडलेल्या तळ्याचा तळ होय. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या त्या तळ्यातील फळे, बिया, कीटकांचे पंख, फायसा नावाच्या गोगलगाई, आणि त्यांबरोबर मोहरीएवढे दुपाखी शिंपले, ऑस्ट्रॅकोडा, हिस्लॉप यांनी दगडांतून काढले. १८६० साली लंडनच्या भूगर्भशास्त्रीय संस्थेच्या त्रैमासिकात त्यांचा लेख आला, आणि त्यातील ऑस्ट्रॅकोडांचे वर्णन टी. रूपर्ट जोन्स या नामांकित पंडिताने केले.

परंतु हिस्लॉप एवढ्यावर थांबले नाहीत. दगडातल्या शिंपल्यांची ओळख पटवावयाची तर आजच्या डबक्यातले शिंपले शेजारी ठेवून पाहिले पाहिजेत, हे त्यांनी जाणले. म्हणून त्यांनी नागपूरच्या पाण्यातले जिवंत प्राणीही गोळा करून विलायतेस धाडले. ब्रिटिश म्युझियममधील विल्यम बेअर्ड यांनी १८५९ साली त्यांचे वर्णन केले. त्यांत कडेवर दाते असलेला एक सायप्रिस होता; आज त्यास हेमिसायप्रिस डेंटाटोमार्जिनाटा म्हणतात. एक लांबोळका होता; त्यास बेअर्डने दगडातल्या सायप्रिस सिलिंड्रिकाचाच मोठा प्रकार मानले, आणि तो आता स्टेनोसायप्रिस मेजर या नावाने स्वतंत्र जात म्हणून नांदतो. आणि एक वाटोळा, कड्यांचा होता, त्यास बेअर्डने धाडणाराचे नाव दिले, एस्थेरिया हिस्लोपी.

या जीवाची पुढली कथा तर गोष्टींच्या पुस्तकात शोभावी अशी आहे. नॉर्वेतील प्राध्यापक गेऑर्ग ओसियन सार्स यांजकडे ऑस्ट्रेलियातून वाळलेला चिखल येई. तो ते काचेच्या भांड्यात पाण्यात भिजवीत, आणि चिखलात झोपलेल्या अंड्यांतून काय उठते ते पाहत बसत. एकदा त्यातून उठला तो हाच नागपूरचा वाटोळा शिंपला! पिल्ले आईच्या शिंपल्यातच वाढतात आणि आईसारखीच होऊन बाहेर पडतात, ही त्याच्या भाऊबंदांत न आढळणारी तऱ्हा सार्स यांस दिसली, आणि १८८७ साली त्यांनी त्याचे नवे घराणे स्थापिले, सायक्लेस्थेरिया. नागपूरच्या तळ्यातला जीव, ऑस्ट्रेलियाचा चिखल, नॉर्वेचे भांडे. असा प्रवास करून ते नाव झाले. आणि पुलगावच्या वीटभट्टीवरून ते आमच्या टेबलावर आले, तेव्हा आम्ही त्यास भलत्याच नावाने हाक मारली.

हिस्लॉप यांचा अंत आमच्या रोजच्या वाटेवर झाला आहे. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील प्राचीन दगडी वर्तुळे पाहून ते घोड्यावरून बोरीकडे परतत होते. वाटेतील ओढा पावसाने चढला होता. त्यात ते बुडाले. वय अवघे पंचेचाळीस. गोंड लोकांविषयी त्यांनी जमविलेले कागद सर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली प्रसिद्ध केले. वर्ध्याहून नागपुरास जाताना बुटीबोरीचे कारखाने लागतात, तेव्हा आता आमची मान आपोआप खाली जाते. तो मनुष्य पाण्यातले जीव पाहत पाहत पाण्यातच गेला.

एवढे वाचून झाल्यावर, निदान सायप्रिस सबग्लोबोसा हे नाव तरी जागच्या जागी असेल, अशी आमची समजूत होती. तीही टिकली नाही. हे नाव प्रथम १८४० साली सॉवरबी यांनी दिले, ते जिवंत प्राण्यास नव्हे. माल्कमसन यांनी निर्मळकडील सिचेल डोंगरांत जमविलेल्या दगडांतील शिंपल्यांस दिले. पुढे तसाच वाटोळा जिवंत सायप्रिस आशियातील डबक्यांत आढळला, तेव्हा अभ्यासकांनी तेच नाव त्यास लावले. आणि दीडशे वर्षे एक नाव दगडातल्या आणि पाण्यातल्या अशा दोघांचे काम करीत राहिले. २००३ साली व्हॉटली, बाजपाई आणि व्हिटेकर या तिघांनी मूळ ठिकाणचे शिंपले पुन्हा बारकाईने तपासले, आणि दाखविले की दगडातला जीव सायप्रिसच नव्हे. त्याचे घराणे पॅरासायप्रेट्टा. म्हणजे ज्या पुस्तकाच्या जोरावर आम्ही त्या मुलास दटाविले, त्या पुस्तकातले नावही उसन्या अंगरख्यासारखे होते. बाहेरून बेतशीर दिसले, म्हणून कोणी शिवण उलटून पाहिली नाही.

यात हसण्यासारखे काही नाही. सॉवरबी काय, बेअर्ड काय, हे आमच्यासारखे आळशी नव्हते. त्यांच्या हाती जेवढा शिंपला होता तेवढ्यावरून त्यांनी प्रामाणिकपणे नाव ठेवले; आणि मुख्य म्हणजे नमुने जपून ठेवले. नमुना जपलेला असला म्हणजे मागाहून येणारास चूक दुरुस्त करता येते. शास्त्राची थोरवी चूक न होण्यात नसून ती उघडकीस येण्याची सोय करून ठेवण्यात आहे. त्या नाचणगावच्या मुलाने ही सोय केली होती. सांगितलेले नाव त्याने निमूटपणे चिठ्ठीवर लिहिले, पण जीव फेकून दिले नाहीत. आणि त्याची वही, जीवर आमची फुली होती ती, त्याच पेटीच्या तळाशी आम्हांसच सापडली.

आता काय करावे? आठ-दहा दिवस आम्ही काहीच केले नाही. मनुष्य वयाने वाढला म्हणजे चूक कबूल न करण्याची कारणे त्यास फार सुबक सुचतात. एवढी जुनी गोष्ट त्यास आठवतही नसेल. उगाच खपली कशास काढावी. आपल्यासारख्या वयस्काने शिष्याच्या दारी असल्या कामास जाणे शोभेल काय? शेवटी आमच्या घरातून निकाल मिळाला. सर्व हकीकत ऐकून घेऊन मंडळी म्हणाली, "त्यांच्या वहीत तांबडी शाई तुम्ही वर्गासमक्ष लावलीत. पुसायला निदान घरी तरी जा." यावर बोलण्यासारखे काही उरले नाही.

रविवारी सकाळी नळी आणि वही पिशवीत घालून आम्ही नाचणगावास गेलो. तो गोठ्यापुढे फवारणीचा पंप दुरुस्त करीत होता. केस पिकलेले, हात कामाने राठ झालेले. आम्हांस पाहून त्याने घाईने हात पुसले, खाट टाकली, आत चहा सांगितला. आम्ही वही उघडून त्याच्यापुढे धरली आणि म्हणालो, "तुझ्या कड्या खऱ्या होत्या. नाव आमचे चुकले."

तो पुष्कळ वेळ वहीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "सर, एवढ्यासाठी कायले आलेत तुम्ही?" हे त्याने सौजन्याने म्हटले, परंतु त्याच्या पुढच्या बोलण्यावरून कळले की त्यास सर्व आठवत होते. वीटभट्टीचा खड्डा कोणता, बाटली कोणत्या औषधाची, जीव किती, सारे. मुले हसली तेही त्यास आठवत असणारच. त्याचा मात्र त्याने उल्लेख केला नाही, आणि आम्हांसही विचारण्याचा धीर झाला नाही. बी.एस्सी. झाल्यावर पुढे शिकण्याचे त्याच्या मनात होते. वडिलांचे दुखणे आणि डोक्यावरचे कर्ज, यांमुळे ते राहून गेले. आमच्या चार गुणांनी त्याचे आयुष्य फिरले असे म्हणण्याचा मोह आम्हांस झाला होता. पण तो पश्चात्तापाचे सोंग घेतलेला गर्वच होय. माणसाचे आयुष्य मास्तराच्या शाईहून मोठ्या गोष्टींनी फिरते. आम्ही एवढेच म्हणू शकतो, की जो थोडा आधार देणे आमच्या हाती होते तो आम्ही दिला नाही, आणि जो देणे नव्हते तो अपमान दिला.

"मग बरोबर नाव काय म्हणता, सर?" त्याने विचारले. आम्ही नाव सांगितले, हिस्लॉप सांगितले, ऑस्ट्रेलियाचा चिखल सांगितला. तो ऐकत होता, आणि अठ्ठावीस वर्षांपूर्वी वर्गात तो जसा बसे तसाच, किंचित पुढे झुकून बसला होता. शेवटी त्याने विचारले, "साऱ्या दुनियेत ही एकच जात आहे काय?"

हा प्रश्न विचारावयाचा तर शास्त्रज्ञ होण्याची गरज नसते, आणि नेमका हाच प्रश्न शास्त्रज्ञांनीही विचारला होता. दीडशे वर्षे सगळ्या उष्ण देशांतील हा जीव एकच जात समजला गेला. २०१३ साली निरनिराळ्या खंडांतील नमुन्यांच्या वंशद्रव्याची तुलना झाली. त्या कामात पुण्याच्या एका तरुण संशोधकाचाही हात होता. निष्कर्ष असा निघाला, की शिंपल्यावरून एक वाटणाऱ्या या जीवांत अनेक जाती दडलेल्या आहेत, आणि त्यांच्या वाटा डायनोसॉरांच्या युगातच फुटलेल्या आहेत. नाव मात्र मूळ नमुना जेथला असेल तेथल्या जातीकडे राहते, असा शास्त्राचा दंडक आहे. तेव्हा हिस्लोपी हे नाव नागपूरकडेच राहणार.

"आणि आपल्या खड्ड्यातली?" तो म्हणाला. "ती नागपूरचीच की वेगळी?"

१९९७ साली या प्रश्नास आम्ही तत्काळ उत्तर दिले असते. आता म्हणालो, "शिंपल्यावरून सांगता येणार नाही. ताजे जीव मिळाले तर तपासून घेता येईल."

त्यावर तो उठला. जुना खड्डा केव्हाच बुजला होता. त्यावर आता एका गोदामाचे पत्रे चमकतात. पण शेताच्या कडेस पाझर तलावाचे पाणी येते, तेथे शेवाळ असते असे तो म्हणाला. घरातून चहाची गाळणी आणि काचेची बरणी घेऊन तो पुढे, आणि पिशवी सांभाळीत आम्ही मागे, असे चिखल तुडवीत निघालो. त्याची दहावीतील मुलगीही बरोबर आली. तासभर पाणी गाळले. बरणीत दहा-पंधरा शिंपले फिरू लागले. त्या मुलीने बरणी उजेडाकडे धरली, आणि आमच्याकडे वळून विचारले, "आजोबा, हे काय आहे हो?"

नाव जिभेवर आले होते. आम्ही ते आवरले, खिशातील भिंग काढून तिच्या हाती दिले, आणि म्हणालो, "आधी तू सांग. कड्या दिसतात का?"

तिने बराच वेळ पाहिले. "नाही," ती म्हणाली. "एकावरही नाही."

ते ऑस्ट्रॅकोडाच होते. कड्यांचा जीव त्या दिवशी सापडला नाही. येत्या पावसाळ्यात पुन्हा जावयाचे ठरले आहे. कपाटातल्या नळीवरील जुनी चिठ्ठी आम्ही काढलेली नाही. तिच्या खाली दुसरी चिकटवून खरे नाव लिहिले आहे, आणि ते कोणाच्या निरीक्षणावरून ठरले तेही लिहिले आहे. वही त्याच्या घरी राहिली. आणि आमच्या वर्गात आता एक नियम आहे. प्रयोगवहीत प्रथम चित्र काढावयाचे, मग दिसले ते लिहावयाचे, आणि नावाची ओळ सर्वांत शेवटी भरावयाची. कित्येक मुलांच्या वहीत ती कोरीच राहते. त्याबद्दल आम्ही गुण कापीत नाही.